पव्व्यावरचा कर आणि दोन नंबरचा धंदा

1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती 1993 पासून होती, वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून. नागपूरहून दक्षिणेकडे उतरणाऱ्या जवळपास प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या टोकाला आता एक कोरडा जिल्हा होता. माल नागपुरात सरळ वाईन शॉपमध्ये मिळायचा आणि दीड-दोन तासांच्या अंतरावर त्याला कितीतरी जास्त भाव होता. पुढे काय झालं ते विदर्भातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. भाजीच्या टेम्पोत, सीटखालच्या चोरकप्प्यात, दुचाकीच्या डिक्कीत पव्वे जाऊ लागले. नोव्हेंबर 2018 मध्ये नागभीड तालुक्यात दारूची गाडी अडवायला गेलेल्या पोलीस उपनिरीक्षकाला त्याच गाडीखाली चिरडून मारलं गेलं. 27 मे 2021 ला राज्य मंत्रिमंडळाने चंद्रपूरची बंदी उठवण्याचा निर्णय घेतला. वर्धा आणि गडचिरोलीची बंदी आजही आहे.

या गोष्टीकडे नीतीच्या बाजूने बघता येतं, आरोग्याच्या बाजूने बघता येतं. मला इथे हिशेबाच्या बाजूने बघायचं आहे. हिशेबात बंदी हाही एक करच असतो. चंद्रपुरात बंदीच्या काळात पव्वा महाग झाला, म्हणजे पिणाऱ्याच्या खिशातून जास्तीचे पैसे गेलेच. ते उत्पादन शुल्क विभागाकडे न जाता गाडी चालवणाऱ्याकडे, गल्लीत विकणाऱ्याकडे आणि डोळेझाक करणाऱ्याकडे गेले. वसुली झाली, पण खासगी हातांनी.

उलट टोकाला काय? सरकारने सगळं कायदेशीर केलं आणि वर जबरदस्त कर लावला, तर? पुष्कळांना वाटतं की एकदा परवाना दिला की चोरधंदा आपोआप संपतो. तसं होत नाही. कायदेशीर दुकानदार आणि दोन नंबरवाला हे एकाच गिऱ्हाइकासाठी भांडणारे दोन दुकानदार आहेत. कर म्हणजे त्यातल्या एकाच्याच पाठीवर ठेवलेलं ओझं. दुसऱ्याच्या पाठीवर दुसरं ओझं असतं, जोखमीचं. कुणाचं ओझं जड, यावर गिऱ्हाईक कुठे जाणार ते ठरतं.

नुसते समजण्यापुरते आकडे घेऊ. एक बाटली बनवून दुकानापर्यंत आणायला 100 रुपये लागतात. सरकारने 150 रुपये कर लावला, तर ती 250 ला विकली जाईल. दोन नंबरवाल्याला कर नाही, पण माल लपवून आणायचा खर्च आहे, दहा गाड्यांपैकी एक पकडली जाण्याचा तोटा आहे, हप्ता आहे, वकील आहे, तुरुंगात जायच्या भीतीची किंमत आहे. हे सगळं मिळून समजा 80 रुपये. त्याची बाटली 180 ला पडते. 250 आणि 180 यांच्यामध्ये 70 रुपयांची जागा आहे आणि सगळा चोरधंदा त्या 70 रुपयांत उभा राहतो. आता कर 150 ऐवजी 60 करा. दुकानात बाटली 160 ला, दोन नंबरवाल्याची तीच 180 ला. त्याने विकायचं कुणाला? पोलिसांची एकही धाड न पडता त्याचा धंदा बसतो.

मात्र सरकारला दर बाटलीमागे 150 ऐवजी 60 मिळतात आणि दारू स्वस्त झाल्याने पिणंही वाढतं. सगळी अडचण इथे आहे. कराकडून आपण एकाच वेळी तीन कामं करून घेऊ पाहतो: तिजोरी भरायची, पिणं कमी करायचं आणि चोरधंदा मारायचा. पहिली दोन कामं कर वर ओढतात, तिसरं खाली.

एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात दारूवरचं उत्पादन शुल्क ज्या कायद्याखाली वसूल होतं त्याचं नाव दारूबंदी अधिनियम, 1949 असं आहे. कागदोपत्री पिणाऱ्याला अजूनही परवाना लागतो. राज्याच्या उत्पन्नात मोठा वाटा उचलणारी वस्तू बंदीच्या कायद्याखाली विकली जाते, आणि हा दुटप्पीपणा आपण इतका पचवला आहे की तो कुणाला खटकतही नाही. जीएसटी आला तेव्हाही पिण्याची दारू त्याच्या बाहेर ठेवली गेली, कारण राज्यांच्या हातात स्वतः दर ठरवता येईल अशा फार थोड्या गोष्टी उरल्या होत्या आणि ही सोडायला कुणीच तयार नव्हतं.

त्यामुळे पैसा कमी पडला की हात आधी बाटलीकडे जातो. 10 जून 2025 ला राज्य मंत्रिमंडळाने असाच निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवरचं, म्हणजे आपण ज्याला 'इंग्लिश' म्हणतो तिच्यावरचं उत्पादन शुल्क, कंपनीने जाहीर केलेल्या उत्पादन किमतीच्या तिप्पट होतं. ते साडेचारपट करण्यात आलं. हा दर लिटरमागे 260 रुपयांपर्यंतच्या उत्पादन किमतीला लागू आहे. देशी दारूचं शुल्क प्रूफ लिटरमागे, म्हणजे अल्कोहोलच्या ठरावीक प्रमाणावर मोजलेल्या लिटरमागे, 180 वरून 205 रुपये झालं. यातून वर्षाला 14 हजार कोटी रुपये जास्त मिळतील, असा सरकारचा अंदाज होता.

साडेचारपट म्हणजे किती, ते एका पव्व्यात मोजून बघू. लिटरला 260 रुपये ही वरची मर्यादा धरली तर 180 मिलीची उत्पादन किंमत सुमारे 47 रुपये होते. त्यावर आधी 140 रुपयांच्या आसपास शुल्क होतं, आता 210 च्या आसपास. मूल्यवर्धित कर, वितरक आणि दुकानदार त्यानंतर. पव्वा घेणारा जे पैसे मोजतो त्यात दारूची किंमत हा लहानसा भाग असतो. मग ज्याला हे शुल्क चुकवता येईल त्याच्यासाठी ही बाटली केवढ्या नफ्याची आहे, हे कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही.

वाढीचा हिशेब करताना सरकारला नकाशाही बघावा लागतो. नागपूरचा उत्तरेकडचा भाग मध्य प्रदेशाला भिडलेला आहे. सावनेर-केळवदच्या पुढे गेलं की छिंदवाडा-पांढुर्ण्याचा भाग, देवलापारच्या पुढे खवासा आणि सिवनी. तिकडचे दर वेगळे, ठेके वेगळे, कंपन्या मात्र पुष्कळशा त्याच. बाटली नीट बघितली तर तिच्यावर कुठल्या राज्यात विक्रीसाठी आहे ते छापलेलं असतं. 'फक्त मध्य प्रदेशात विक्रीसाठी' असं लिहिलेली बाटली कोराडी रोडवर निघाली, तर आतली दारू नकली असेलच असं नाही. ती त्याच कंपनीची, तशीच असू शकते. फरक एवढाच की तिच्यावरचं शुल्क मुंबईऐवजी भोपाळला गेलं, किंवा कुठेच गेलं नाही. लेबल आणि बॅच क्रमांक तपासून उत्पादन शुल्काचे लोक हेच शोधत असतात. कोकणात आणि कोल्हापूरकडे गोव्याची दारू पकडली जाते, तिथेही हाच प्रकार. राज्याच्या सीमेवर भिंत नसते. म्हणून एका राज्याचा कर किती जड आहे ते त्या राज्याच्या राजपत्रापेक्षा शेजारच्या राज्याच्या दुकानातल्या किमतीवर जास्त ठरतं.

2025 च्या निर्णयातला एक भाग मला जास्त बोलका वाटला. शुल्क वाढवतानाच सरकारने धान्यापासून बनणारी 'महाराष्ट्र मेड लिकर' नावाची एक नवीच पायरी तयार केली. 180 मिलीची किमान किंमत देशीला 80 रुपये, या नव्या पायरीला 148, इंग्लिशला 205 आणि वरच्या विदेशी दारूला 360. राज्यातले बंद पडलेले कारखाने चालू व्हावेत, हे कारण सांगितलं गेलं, आणि ते असेलही. पण हिशेबाच्या डोळ्यांनी बघितलं तर 80 आणि 205 यांच्यात मोठी पोकळी राहत होती. ज्याला 205 परवडत नाही आणि देशी भट्टीवर, म्हणजे देशी दारूच्या दुकानात, जायचं नाही, असा माणूस त्या पोकळीत उभा असतो. त्याला 148 ची कायदेशीर बाटली दिली नाही, तर दुसरं कुणीतरी 150 ची बेकायदा देणार. सरकारने आपल्याच वाढीमुळे पडणाऱ्या भगदाडाला आपणच ठिगळ लावून ठेवलं, असं मी त्याचं वाचन करतो.

आंध्र प्रदेशाने हे ठिगळ फार उशिरा लावलं. तिथे 2019 मध्ये दुकानं सरकारने स्वतःकडे घेतली, त्यांची संख्या कमी केली आणि मे 2020 मध्ये दर एकदम 75 टक्क्यांनी वाढवले. हेतू चांगला होता, लोकांनी पिणं सोडावं. प्रत्यक्षात तेलंगण आणि कर्नाटकातून गाड्या सुरू झाल्या आणि पुढे सरकारला दर खाली आणावे लागले. सरकार बदलल्यावर ऑक्टोबर 2024 मध्ये दुकानं पुन्हा खासगी हातात गेली आणि 180 मिलीची बाटली 99 रुपयांत मिळेल अशी सोय केली गेली. निवडणुकीच्या सभांत स्वस्त दारू हा मुद्दा व्हावा, हे वाचून हसू येतं. पण 99 हा आकडा दोन नंबरच्या भावाखाली जायचं म्हणून निवडला तर तो अगदी शहाणा आकडा आहे.

आपल्याकडेही दर कमी करून बघितला गेला आहे. आयात केलेल्या स्कॉचवरचं विशेष शुल्क नोव्हेंबर 2021 मध्ये 300 टक्क्यांवरून 150 टक्क्यांवर आणलं गेलं. इतर राज्यांतून येणारा माल आणि बनावट स्कॉच थांबावी, हे त्यामागचं कारण होतं. अर्धा कर करूनही, विक्री वाढल्याने एकूण महसूल 100 कोटींवरून 250 कोटींवर जाईल, असा सरकारचाच अंदाज होता. गोरगरिबांची बाटली महाग ठेवून श्रीमंतांची स्वस्त केली म्हणून टीका झाली, आणि ती टीका बिनबुडाची नव्हती. पण कारण समजून घ्यायला हवं. मुंबईच्या विमानतळावरून किंवा दिल्लीहून सुटकेसमध्ये दोन बाटल्या आणणारा माणूस जेवढा कर चुकवू शकतो, तेवढा रोजंदारीवाला चुकवू शकत नाही. चुकवता येणाऱ्यावर कर हलका आणि न येणाऱ्यावर जड, हा करपद्धतीचा जुना अन्याय आहे.

कराचा प्रकारही महत्त्वाचा असतो. किमतीच्या टक्क्यांत कर लावला की महाग बाटलीवर प्रचंड रक्कम बसते, आणि तितकीच ती नकली बनवणं फायद्याचं होतं. कबाडीवाला देशीची रिकामी बाटली काचेच्या भावाने घेतो. पण महागड्या स्कॉचची बाटली बुचासकट, खोक्यासकट दिली तर भाव वेगळा मिळतो. त्या खोक्याचं पुढे काय होतं, हा विचार लग्नाच्या पार्टीत कुणी करत नाही. आत स्वस्त दारू भरून तीच बाटली परत फिरते. चवीवरून ओळखू, म्हणणारे पुष्कळ भेटतात. तिसऱ्या पेगनंतर तेही सोडून देतात.

हा झाला पैशाचा तोटा. खालच्या टोकाला जीव जातो. कारखान्यात वापरायचं अल्कोहोल पिण्याच्या दारूपेक्षा कितीतरी स्वस्त असतं, कारण पिण्याच्या दारूचं शुल्क त्यावर नसतं. ते कुणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विषारी पदार्थ मिसळतात. आणि मिथेनॉल तर मुळातच विष आहे. जिथे गरीब माणसाची कायदेशीर बाटली एकतर नसते किंवा परवडत नसते, तिथे हा कारखान्यातला माल हातभट्टीत शिरतो. जून 2015 मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली. डिसेंबर 2022 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात सत्तरच्या वर. बिहारमध्ये 2016 पासून पूर्ण बंदी आहे. पण मालवणीत बंदी नव्हती आणि जून 2024 मध्ये तमिळनाडूच्या कल्लकुरिचीत साठाहून अधिक माणसं गेली तिथेही नव्हती. तिथे तर सरकार स्वतःच्या दुकानांतून दारू विकतं. बंदी असो वा नसो, तळच्या माणसाला परवडेल असा कायदेशीर पर्याय नसला की निकाल सारखाच लागतो.

आता जरा लांब जाऊ, कारण देशभर बंदी असलेला एखादा पदार्थ बेकायदाचा कायदेशीर होताना काय होतं हे आपल्याला अलीकडे पाहायला मिळालेलं नाही. कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 ला गांजा कायदेशीर केला. पहिल्या वर्षी दुकानात ग्रॅमला सुमारे 10 डॉलर पडायचे आणि गल्लीतल्या जुन्या माणसाकडे 6 डॉलरच्या आत काम व्हायचं. शिवाय दुकानंच नव्हती. ओंटारियोसारख्या अवाढव्य प्रांतात सुरुवातीला फक्त 25 परवाने, तेही सोडत काढून. साहजिकच लोक जुन्या माणसाकडेच जात राहिले. पुढे दुकानं हजारावर गेली, उत्पादन वाढलं, भाव कोसळले आणि बहुतेक गिऱ्हाईक कायदेशीर बाजूला आलं.

पण तिथेच कराने वेगळीच खोडी काढली. कॅनडाचा कर ग्रॅमला एक डॉलर किंवा उत्पादकाच्या विक्रीभावाच्या 10 टक्के, यात जे जास्त असेल ते, असा आहे. तो भाव 10 डॉलर असेल तर दोन्ही सारखेच. भाव तीन-चार डॉलरवर आल्यावरही एक डॉलर तसाच राहिला, म्हणजे 10 टक्क्यांचा कर काही न करता 25-33 टक्क्यांचा झाला. उत्पादक बुडू लागले, पुष्कळांनी कर थकवला. कर ठरवताना आजचा भाव कायम राहील असं धरणं ही सरकारांची आवडती चूक आहे.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण याहून वाईट. तिथे 1 जानेवारी 2018 पासून विक्री सुरू झाली. 15 टक्के उत्पादन कर, शेतकऱ्यावर फुलाच्या वजनानुसार वेगळा कर, नेहमीचा विक्रीकर आणि वर गावोगावच्या पालिकांचा कर. त्यात भर म्हणजे आपल्या हद्दीत दुकान नको म्हणायचा अधिकार पालिकांना दिला, आणि बहुतेकांनी तो वापरला. कायदा सांगतो की माल कायदेशीर आहे, पण दुकान पन्नास किलोमीटरवर आहे आणि भाव जास्त आहे. बेकायदा विकणाऱ्याला याहून चांगली परिस्थिती मागून मिळाली नसती. 2022 मध्ये शेतीवरचा कर रद्द करावा लागला. 2025 च्या जुलैत उत्पादन कर 19 टक्के झाला आणि ऑक्टोबरमध्ये परत 15 वर आणला गेला. बेकायदा बाजार अजून ठाण मांडून बसला आहे.

महाग झालं की गिऱ्हाईक दुसरीकडे सरकतं, ही गोष्ट आपल्याकडच्या लोकांना वेगळी सांगायला नको. 2023 मध्ये बारमधल्या दारूवरचा मूल्यवर्धित कर 5 वरून 10 टक्के झाला. त्यानंतर परवाना शुल्क वाढलं, मग 2025 ची वाढ आली. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या बारमालकांनी एक दिवस बंद पाळला. बारमध्ये महाग झालं म्हणून पिणारा घरी बसला असं फारसं झालं नाही. तो वाईन शॉपमधून पव्वा घेऊन जवळच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर गेला. दहा रुपयांत पाण्याचं पाऊच आणि डिस्पोजल मिळतं, चखना गाडीवाला देतोच. हा पण एक काळाबाजारच आहे, बाटली कायदेशीर आणि जागा बेकायदा.

एवढं सगळं वाचून कुणाला वाटेल की कर कमी ठेवा एवढंच माझं म्हणणं आहे. दारू आणि सिगारेट कंपन्या नेमकं हेच म्हणतात, म्हणून थोडं सावध राहायला हवं. 1994 मध्ये कॅनडाने सिगारेटची तस्करी थांबवायला कर जोरात कमी केला. तस्करी कमी झाली, आणि सिगारेट स्वस्त झाल्याने तरुणांचं ओढणंही वाढलं. पुढे 2008 मध्ये दोन मोठ्या सिगारेट कंपन्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल करून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचं मान्य केलं. तस्करीत जाणारा माल त्या स्वतःच पुरवत होत्या. म्हणजे ज्यांनी तस्करीला माल दिला तेच तस्करीचं कारण पुढे करून कर कमी करा म्हणत होते.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. 2000 च्या सुमारास तिथे विकल्या जाणाऱ्या दर पाच सिगारेटींपैकी एक तस्करीची होती. त्यांनी कर खाली आणला नाही. बंदरांवर स्कॅनर, जास्त अधिकारी, कंपन्यांवर पुरवठ्याची जबाबदारी, असं करत दोन नंबरवाल्याचं जोखमीचं ओझं वाढवलं. कर वाढत असतानाच तस्करीचा वाटा काही वर्षांत निम्म्यावर आला. वरच्या उदाहरणात आपण जे 80 रुपये धरले होते ते त्यांनी 160 करून दाखवले. मात्र ब्रिटन हे बेट आहे, आणि खवाशाला समुद्र नाही.

गडचिरोलीतही हेच 80 रुपये वाढवण्याचा प्रयत्न झाला, फक्त पोलिसांपेक्षा गावाच्या हातून. डॉ. अभय बंग आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचं काम आणि 2016 पासूनचं 'मुक्तिपथ' अभियान यांत गावोगावच्या संघटना, विशेषतः बायका, हातभट्टीचा सडवा शोधून ओततात आणि विक्रेत्याला गावासमोर उभं करतात. गावातलीच मावशी दारात येऊन उभी राहिली तर तिला हप्ता देता येत नाही. चंद्रपूरची बंदी उठवायला डॉ. बंगांनी विरोध केला, तेव्हा त्यांचा मुद्दा साधा होता. चोरटी विक्री होते म्हणून बंदी फसली असं म्हणू नका, एकूण पिणं किती कमी झालं ते मोजा. तो मुद्दा मला अर्धा पटतो. मोजायला तेच हवं. पण ज्या गावात संघटना नाही तिथे फक्त सरकारी आदेशाने ते 80 रुपये वाढत नाहीत, आणि अख्ख्या जिल्ह्याला बंदी लावताना हा फरक धरलेला नसतो.

नागपूरची खरी परीक्षा मात्र दारूत नाही, खर्ऱ्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या पुडीत आहे. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. पुढे सुगंधित तंबाखू आणि सुगंधित सुपारीही तिच्यात आली. आता कुठल्याही पानठेल्यावर उभं राहून बघा. पन्नीवर सुपारीचा भुगा पडतो, डब्यातून तंबाखू, वर बोटाने चुना, आणि मग ती पन्नी लाकडी पाटीवर ताणून घोटली जाते, सुपारीचा रंग बदलेपर्यंत. रबर लावून पुडी हातात. बंद पाकिटातला गुटखा बंद झाला, पण समोर घोटून दिलेल्या पुडीवर कंपनीचं नाव नाही, बॅच नाही, इशाऱ्याचं चित्र नाही, कराचा तर विषयच नाही. तिच्यातली सुगंधित तंबाखू राज्याबाहेरून, ट्रकच्या ट्रक भरून येते. ती पकडल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी छापून येते आणि ठेल्यावरचा भाव दोन-पाच रुपयांनी हलतो.

सिगारेटवर कर वाढवला की ओढणारा कमी होतो, हे जगभर दिसलेलं आहे. खर्ऱ्याच्या बाबतीत ते हत्यारच सरकारने स्वतःच्या हाताने म्यान केलं. बंदी घातल्यामुळे त्यावर कर लावता येत नाही, कर नाही म्हणून किंमत हातात नाही, आणि दुसऱ्या बाजूला ठेले इतके की बंदी राबवताही येत नाही. तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट मात्र सरकारी दवाखान्यातच येतात. खर्रा कायदेशीर करा असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण आजची अवस्था ही बंदी आणि परवानगी या दोन्हींतलं वाईट तेवढं उचलून बनवलेली आहे, हे म्हणायला मला काही अडचण वाटत नाही.

शेवटी गांजा, कारण हा विषय निघाला की प्रश्न तिथेच येतो. आज ओडिशाकडून निघालेला गांजा नागपूर स्टेशनवर पकडला जातो, 1985 च्या अमली पदार्थ कायद्याखाली 20 किलोच्या वर सापडला तर किमान दहा वर्षं. त्याच कायद्यात नुसतं पान, म्हणजे भांग, गांजाच्या व्याख्येबाहेर आहे, म्हणून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं चालतात. पण गांजावरही एकेकाळी इथे रीतसर कर होता. नागपूर ज्या मध्य प्रांताची राजधानी होती त्या प्रांतात गांजाची शेती खांडव्याच्या भागातच करायला परवानगी होती आणि माल सरकारी कोठारातून परवानाधारक दुकानांकडे जायचा. 1893-94 मध्ये ब्रिटिश सरकारने गांजा-भांगेवर एक आयोग नेमला. त्याने देशभर साक्षी घेऊन सात खंडांचा अहवाल दिला. पूर्ण बंदी नको, असं त्याचं मत होतं, कारण बंदी घातली तर लोक याहून घातक पदार्थांकडे वळतील. उपाय सुचवले ते असे: पुरेसा कर, परवान्याशिवाय शेती नाही, शेती एका जागी, दुकानं मोजकी, आणि माणसाने जवळ किती बाळगायचं त्याला मर्यादा.

आजही राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या 51 व्या नोंदीत उत्पादन शुल्काच्या विषयांत दारूच्या शेजारी अफू आणि गांजा लिहिलेले आहेत. म्हणजे उद्या केंद्राने कायदा बदललाच, तर दर मुंबईत ठरेल, आणि ठरवणारी माणसं तीच असतील ज्यांनी 2025 चा पव्वा ठरवला. त्यांच्या टेबलावर पहिला कागद महसुलाच्या अंदाजाचा असेल. त्याखाली ओडिशातला आणि छत्तीसगडच्या रस्त्यावरचा त्या महिन्यातला भाव लिहिलेला दुसरा कागद हवा. पहिली दोन-तीन वर्षं दर त्या दुसऱ्या कागदाच्या खाली ठेवायला लागेल, दुकानं गिऱ्हाइकाच्या टप्प्यात ठेवायला लागतील, आणि जुना विक्रेता उठून गेल्यावरच कर एक-एक पायरी वर नेता येईल. कॅलिफोर्नियाने हा क्रम उलटा लावला होता.